अण्णाचं ‘माहीत नाही’

विद्यानगरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी काल सीताफळांची पहिली गाडी लागली. गाडीवर सीताफळीचाच पाला अंथरलेला, त्यावर फळांची उतरंड, आणि विकणारी बाई फोनवर कुणाशी तरी तेलुगूत भांडत होती. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने माशा. मी थोडी फळं निवडून घेतली. फळ घेताना मी अजूनही खवल्यांमधली फट बघते. फट पांढुरकी झाली की सीताफळाने डोळे उघडले म्हणतात. तसं फळ घरी पिकतं. डोळे मिटलेलं असतानाच तोडलं तर काळं पडून दगड होतं. मुलींच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्याने मला एकच सवय लागली. आधी बघायचं, नाव नंतर द्यायचं.

पिशवी घेऊन जिना चढताना तीन वर्षांपूर्वीचा हाच मोसम आठवला. आठवला म्हणजे मन भरून वगैरे आलं नाही. हल्ली माझं मन सहसा भरून येत नाही. नुसता आठवला, एखादी खोली उघडून बघावी आणि सगळं सामान जागच्या जागी दिसावं, तसा.

हैदराबादेत या दिवसांत पाऊस जायला निघालेला असतो, पण उंबऱ्यावर रेंगाळतो. दुपारी ऊन चटके देतं, संध्याकाळी आभाळ धुतलेल्या परातीसारखं लख्ख होतं. बतुकम्माचा सण आलेला असतो. तेलुगू बायका ताटांत फुलांचे मनोरे रचतात. त्यांचं तंगेडु म्हणजे आपला तरवड, आणि त्यांचं गुनुगु म्हणजे आपलं कुरडू. मोकळ्या माळावर कुणी ढुंकून न पाहणारी ही झुडपं त्या आठवड्यात पाटीपाटीने शहरात येतात. अंबरपेठच्या बाजारात पिवळ्या फुलांच्या ढिगाशेजारी सीताफळांचे ढीग असतात, आणि दोन्हींच्या वासात गल्लीतल्या ओल्या मातीचा वास मिसळलेला असतो. मला तो मोसम कायम आवडत आला. त्या वर्षीही आवडतच होता, हे मला आता विचित्र वाटतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. तो अंबरपेठला राहतो, वडिलांनी बांधलेल्या घरात, वहिनींबरोबर. मी इथे विद्यानगरला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये, एकटी. लग्न केलं नाही, आणि त्याचं कारण विचारणारी माणसंही आता फारशी उरली नाहीत. अण्णा दिवाणी वकील. वडीलही वकील, आणि त्यांची वकिली सगळी उर्दूत. त्यांच्या शेजारी बसून अण्णा जुनी घसटलेली उर्दू लिखावट वाचायला शिकला. निजामाच्या वेळचे जमिनींचे कागद, ज्यांत अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपल्यासारखी दिसतात, ते वाचणारी माणसं शहरात कमी होत गेली, तसा अण्णाचा मान वाढत गेला. तो कागद डोळ्यांजवळ धरायचा, ओठ हलवायचा, आणि एकदम मान वर करून सांगायचा, “हां. विहीर सामायिक आहे.” समोरच्या अशिलाचा जीव भांड्यात पडायचा, नाहीतर होता त्या भांड्यातून उडून जायचा.

बोलणं हा त्याचा स्वभाव. त्याहून मोठा स्वभाव चुका काढण्याचा. त्याचा मुलगा मिलिंद कुकटपल्लीला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. या शहरात वाढलेल्या आमच्या सगळ्या मुलांसारखं त्याचं मराठी. शब्द आपले, पण कोण बाई आणि कोण बुवा याचा पत्ता नाही. “गाडी आला,” असं मिलिंद म्हणाला की अण्णा हातातला घास तसाच धरून म्हणायचा, “आली. गाडी आली.” मिलिंद कपाळाला हात लावायचा. “पप्पा, लाइट घ्या ना.” वर्षानुवर्षं त्यांचं जेवण असंच चाले.

त्या वर्षी हे नेमकं केव्हा सुरू झालं, कुणालाच सांगता येणार नाही. मला मात्र एक रविवार आठवतो. मी सीताफळं घेऊन अंबरपेठला गेले होते. सीताफळ हा अण्णाचा लहानपणापासूनचा हावरेपणा. पेपर पसरून बसायचं, बिया टपटप कागदावर टाकायच्या, आणि मधेच कुणी उठवलं तर रागवायचं. त्या दिवशी वहिनींनी पेपर पसरला, फळ त्याच्या हातात दिलं. तो ते धरून बसला.

“अहो, खा की,” वहिनी म्हणाल्या.

“हो,” अण्णा म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

फळ पूर्ण पिकलेलं होतं. हाताच्या उबेने ते हळूहळू खचलं, फुटलं, आणि गर मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. अण्णा त्याच्याकडे बघत होता. घाण वाटल्याचंही चेहऱ्यावर काही नव्हतं. वहिनींनी ओलं फडकं आणून त्याचा हात पुसला. त्याने पुसू दिला.

मिलिंदही आलेला होता. मला म्हणाला, “आत्या, मी पप्पांना इतके फोन केली, पप्पा एक पण उचलली नाही.” मी अण्णाकडे बघितलं. एका वाक्यात दोन चुका. अण्णा खिडकीबाहेर बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे साधंसुधं नाही.

स्वयंपाकघरात वहिनींनी माझा हात धरला. त्या परभणीच्या, इतकी वर्षं हैदराबादेत काढून त्यांची बोली बदललेली नाही. “वन्सं, हे माझ्यावर रागावलेत का हो? तुमच्यापाशी काही बोलले का? दिवसभर नुसते बसायलेत. भाजी कोणती करू म्हणलं, तर माहीत नाही. पाणी काढू का म्हणलं, तर माहीत नाही. कोर्टात नाही जायचं का, तर माहीत नाही. मी काय केलं असंल?”

लोकांनी आपापली कारणं दिली. वय झालं, असं बहुतेकांचं मत. कामाची माणसं रिकामी बसली की असंच होतं, असं शेजारच्या निवृत्त मास्तरांचं. कुणाची तरी दृष्ट, असं एका मावसबहिणीचं. वकिली बुद्धी, आता झिजली, असं एका जुन्या अशिलाने दारात उभं राहून हळहळत सांगितलं. अण्णा आतल्या खोलीत ते ऐकत होता. पण खरी ठाम कारणमीमांसा मिलिंदचीच होती. त्याने इंटरनेटवर सगळं वाचलं होतं. वडील विसरायला लागलेत, हे विसरणं वाढत जाणार, आणि ते परत फिरत नाही.

मिलिंदचं वडिलांवर फार प्रेम. त्याच्या प्रेमाची रीत म्हणजे व्यवस्था लावणं. अंबरपेठचं घर विकायचं, दोघांना कुकटपल्लीला आपल्या इमारतीत आणायचं, तिथे लिफ्ट आहे, खाली पहारेकरी आहे, डॉक्टर जवळ आहे. तो घर बघायला माणसंही घेऊन आला. ती भिंतींवर टिचक्या मारत हिंडत होती आणि अण्णा दिवाणखान्यात बसलेला होता.

“पप्पा, चालेल ना?” मिलिंदने विचारलं.

“चालेल.”

“बघा आत्या. हो म्हणाले.”

मी त्याला अंगणात नेलं. म्हटलं, “मिलिंद, चंद्रावर राहायला जाऊ म्हणालास तरी तो चालेलच म्हणेल. त्याच्या आत्ताच्या ‘हो’ला हो समजू नकोस.”

तो एकदम उसळला. “तर काय करू मग? तुम्ही सांगा! हे दोघं इथे, मी तिथे. मीटिंगमध्ये बसतो तर डोक्यात हेच. फोन वाजला की भीती वाटते. तुम्हाला कसं कळेल, आत्या?” मग त्याने डोळे पुसले आणि गाडी काढून निघून गेला. मी तरवडाच्या झुडपापाशी थोडा वेळ उभी राहिले. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळेच आपापल्या परीने बरोबर होते, आणि अण्णा रोज थोडा थोडा कमी होत होता.

मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फोटो काढले. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले, आणि म्हाताऱ्या माणसांच्या मनाचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टर बाईंकडे पाठवलं. दारावरची पाटी वाचून वहिनी थबकल्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. “इथं? वन्सं, ओळखीचं कुणी बघितलं तर काय सांगायचं?”

“बघणारासुद्धा इथेच आलेला असेल ना,” मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. मीही हसवायला म्हटलं नव्हतं.

डॉक्टर बाई तेलुगू, चाळिशीच्या असतील. अण्णाशी हिंदीत बोलल्या. आज वार कोणता, हे शहर कोणतं, मोसम कोणता. “मालूम नहीं,” अण्णा म्हणाला. कागदावर घड्याळ काढून दाखवा, म्हणाल्या. त्याने पेन्सिल घेतली, टेबलावर ठेवून दिली. “मालूम नहीं.” मिलिंदने माझ्याकडे बघितलं, बघा, मी सांगितलं नव्हतं?

बाईंनी कागद बाजूला सरकवला. झोप कशी आहे, भूक कशी आहे, पहाटे जाग येते का, असं विचारत गेल्या. उत्तर आलं नाही तरी थांबत होत्या. नुसत्या थांबत होत्या. आणि मग, पाणी घेणार का असं विचारावं तितक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “साब, जीने का मन होता है?”



“नहीं,” अण्णा म्हणाला. मग तो त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे वळला, आणि कितीतरी आठवड्यांनी पहिल्यांदाच एक सलग वाक्य बोलला. “शालू, सकाळी जाग आली की पहिलं वाईट याचं वाटतं, की जाग आली. मी नसलो तर हिला सोपं जाईल. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितलाय. स्वतःच वकील, स्वतःच जज्ज. दर वेळी निकाल तोच लागतो.”

वहिनींचा पदर खांद्यावर आला होता. त्या उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “कुणाला सोपं जाईल? मला? मला साक्षीला बोलावलं होतं का तुम्ही? माझं न ऐकताच निकाल द्यायलात?” आणि मग खाली बसून त्यांनी तोंडावर हात घेतले. मिलिंद वडिलांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला होता. त्याने त्यांचा हात धरला.

डॉक्टरांनी नंतर आम्हाला सांगितलं ते मला नीट आठवतं. विसरायला लागलेला माणूस बहुतेक वेळा उत्तर द्यायला धडपडतो, चुकीचं का होईना देतो, विसरलोय हे झाकतो. हे उत्तराकडे जातच नाहीत. मन इतकं खोल गेलंय की तिथून काही शोधून वर आणायची ताकद नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, ते पुढे कळेल. पण यातला जो बरा होतो तो आधी बरा करू. काही दिवस यांना एकटं ठेवू नका. मरणाचे विचार मनात आले तर ते बोलून दाखवा, असं त्यांना सांगा, आणि त्यांनी सांगितलं तर घाबरून गप्प करू नका. घर विकणं वगैरे मोठे निर्णय आत्ता नकोत. मिलिंदने मान हलवली. घर बघायला आलेल्या माणसांना त्याने बाहेरच्या बाकावरूनच फोन करून नाही सांगितलं.

परतताना रिक्षात वहिनींनी विचारलं, “म्हणजे ह्यांचं ते… वेड नाही ना?” मी नाही म्हटलं. कळ, ठणका, चमक, उसण, मुंग्या. अंगाच्या दुखण्याला आपल्याकडे केवढे शब्द. मनाच्या दुखण्याला भाजी निवडता निवडता वापरता येईल असा एक शब्द वहिनींना सापडला नाही. त्या अजूनही ‘ह्यांचं ते’ असंच म्हणतात. कधीकधी मला वाटतं, त्याहून नेमकं नाव आम्हा कुणालाच सुचलं नसतं.

औषध लिहून दिलं, पण अण्णा घेईना. ओरडला नाही, भांडला नाही. ओठ मिटून घ्यायचा. “माझ्यावर कशाला वाया घालवता,” इतकंच म्हणायचा. वहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहत, मिलिंद फोनवरून विनवत राही. मी आजाराची माहिती नीट समजावून सांगून बघितली, विद्यार्थिनींना सांगावी तशी. त्याने ऐकलं, आणि ओठ मिटले.

तेव्हा हाशमीसाहेब आले. हाशमीसाहेब म्हणजे अण्णाचे कोर्टातले दोस्त. तरुणपणापासून एकाच खोलीत दोघांचं ऑफिस. उंच, किडकिडीत, दाढी पांढरी, आवाज मात्र भरघोस. आल्या आल्या म्हणाले, “क्या मियाँ, शादी के घर में रूठे हुए समधी के सरीका बैठे?” अण्णा हसला नाही. हाशमीसाहेब त्याच्या शेजारी पलंगावर बसले. बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होते. बाहेर बतुकम्माची गाणी लागली होती आणि बायकांच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

मग हाशमीसाहेब भिंतीकडेच बघत म्हणाले, “मेरे कू भी हुआ था ये.”

अण्णाने मान वळवली.

“बेगम के जाने के बाद. तुम लोगाँ समझे मैं गम में हूँ. गम नक्को बोलो उसको. गम में तो आदमी रोता. मेरे कू रोना भी नई आता था. कोर्ट आके फाइल खोल के बैठ जाता था, तुम बहस करते थे, मैं होंटाँ देखता था तुम्हारे. फिर बेटी पकड़ के ले गई डॉक्टर के पास. कित्ते दिन गोली खाया मैं.”

“मुझे नहीं बताया,” अण्णा म्हणाला.

“किसी कू नई बताया. क्या बोलता? वकील आदमी, दिमाग की गोली खा रा बोल के मुवक्किल भाग जाते थे.” ते थोडे थांबले. “तुम्हारे कू बताना था. गलती हो गई, यार.”

वहिनी दारात उभ्या होत्या. हाशमीसाहेबांनी हात पुढे केला, त्यांनी पेला दिला. अण्णाने त्या दिवशी गोळी घेतली. दोन माणसं जन्मभर एका खोलीत बसली, जगभराच्या विहिरी नि बांध नि वाटण्या त्यांनी उकलल्या, आणि या एका गोष्टीबद्दल एक शब्द निघाला नाही. मी बाहेर येऊन फुलांची ताटं डोक्यावर घेऊन चाललेल्या बायका बघत उभी राहिले.

त्यानंतर काही चमत्कार झाला नाही. पहिल्या औषधाने त्याचं तोंड कोरडं पडायला लागलं, उठताना तोल जायचा. डॉक्टरांनी बदलून दिलं. मोसम सरला. सीताफळं जाऊन पेरू आले, बोरं आली. फिरणं चांगलं म्हणून मी रोज संध्याकाळी त्याला घेऊन विद्यापीठाच्या आवारात जायला लागले. तिथे मोठमोठी झाडं आहेत, आणि झाडांखाली सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षांची पुस्तकं घेऊन बसलेली मुलं-मुली आहेत. काहीजण मोठ्याने घोकत असतात. अण्णा माझ्या बाजूने चालायचा, पण माझ्याबरोबर चालतोय असं वाटायचं नाही. मी झाडांची नावं सांगायची. हा करंज, हा शिरीष, हा महारुख. तो हूं म्हणायचा. मला त्याचं वाईट वाटत नसे. झाडांशी बोलून बोलून मला उत्तराची सवय कमीच आहे.

पुढे एकदा हाशमीसाहेब एक जुना कागद घेऊन आले. कुणाची तरी जमीन, कुणाचा तरी आजा. चष्मा कपाळावर चढवून ते मोठ्याने वाचत होते आणि एका ठिकाणी ‘बावली’, म्हणजे विहीर, असं वाचून पुढे गेले. अण्णा पडून होता. दोन ओळी पुढे गेल्यावर त्याचा आवाज आला, “बावली नहीं है वो. बाड़ी है. फिर से देखो.” हाशमीसाहेबांनी कागद त्याच्या हातात दिला. अण्णाने तो डोळ्यांजवळ धरला. ओठ हलले. हाशमीसाहेब मुद्दाम चुकले होते की खरंच, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

वहिनींनी त्या दिवशी शिरा केला. दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा पलंगावरून उठला नाही, त्याच्या पुढच्या दिवशीही नाही, आणि वहिनी इतक्या खचल्या की मला वाटलं, शिऱ्याची घाईच झाली. डॉक्टर म्हणाल्या, असंच होतं. दोन पावलं वर, एक खाली. उन्हाळा येईपर्यंत खालची पावलं कमी झाली. एका रविवारी मिलिंद म्हणाला, “पप्पा, चहा झाली.” “झाला,” अण्णा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला. मिलिंद मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

तो पूर्वीसारखा झाला असं मी म्हणणार नाही. कोर्टात तो परत गेला नाही. त्या अंधाऱ्या दिवसांत त्याने आपला काळा कोट आणि कायद्याची पुस्तकं एका ज्युनियरला देऊन टाकली होती, ती मागितली नाहीत. आवाज थोडा खालच्या पट्टीत गेलाय. पण एक वेगळीच गोष्ट झाली. गेल्या वर्षी एका लग्नात पंगतीला बसलेलो असताना एका चुलतभावाने विचारलं, “काय अण्णा, मधे बरेच दिवस दिसला नाहीत?” अण्णा वरणभात कालवत म्हणाला, “मला डिप्रेशन झालं होतं. मरावंसं वाटायचं. गोळी अजून घेतो. मठ्ठा फार छान झालाय.” आजूबाजूच्या पाच-सहा पानांवरचे हात थांबले. वहिनींनी डोळे मिटून घेतले. वाढप्याने तेवढ्यात जिलेबी आणली म्हणून बरं. पण त्याच आठवड्यात त्या चुलतभावाचा अण्णाला फोन आला, आणि अण्णा दार लोटून त्याच्याशी तासभर बोलत होता. नंतर आणखी एकाचा आला.

वहिनींचंही सांगायला हवं. पुढच्या एका तपासणीच्या वेळी डॉक्टर बाईंनी अण्णाचं सगळं विचारून झाल्यावर त्यांच्याकडे बघितलं. “अम्मा, और आप?”

“मेरा क्या,” वहिनी म्हणाल्या. डॉक्टर थांबल्या, त्यांच्या त्या सवयीने. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग मला म्हणाल्या, “वन्सं, ह्यांना सांगा, मला परभणीला जायचंय. एकटीला. कुणाच्या लग्नाला नाही, कुणाच्या बाराव्याला नाही. नुसतं. भावाच्या शेतात आखाड्यावर, गोठ्यापाशी बसायचंय.”

“मलाच सांग की,” अण्णा म्हणाला. “जा. मी राहीन.”

त्या गेल्या. अण्णाने त्या दिवसांत वरणभात करायला शिकून घेतला आणि हाशमीसाहेबांना जेवायला बोलावून त्यांच्यावर प्रयोग केला. परत आल्यावर वहिनींचा चेहरा उन्हाने रापलेला होता. त्यांना बरं वाटत होतं, असं त्यांनी सांगितलं. आता दर वर्षी जाणार आहेत.

डॉक्टरांनी आम्हाला सांगून ठेवलंय, हे पुन्हा येऊ शकतं. म्हणून आम्ही अण्णावर लक्ष ठेवून असतो. निदान माझी तरी तशी समजूत होती. बघणारी मी, आणि ज्याच्याकडे बघायचं तो अण्णा. परवा तो माझ्याकडे आला. चहा घेतला. खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला, “शालू, तुझं कसं चाललंय?”

“छान.”

“छान नको सांगूस. मी जन्मभर साक्षी तपासल्यात.”

मी कप उचलायला उठले. तो म्हणाला, बस. मी बसले. आणि मग मी ऐकत होते की माझाच आवाज सांगतोय, संध्याकाळी कुणी येऊ नये असं वाटतं, आणि कुणी आलं नाही की दार उघडून जिन्याकडे बघते. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालायचं सोडलंय. झाडांची नावं सगळी येतात, पण बघावंसं वाटत नाही. किती दिवस झाले, ते मी त्याला सांगितलं. ते मला माहीत होतं. हे सगळं मी सांगितलं ते अगदी कोरड्या आवाजात, एखाद्या नमुन्याचं वर्णन करावं तसं. शेवटी शेवटी मात्र आवाज माझ्या हातात राहिला नाही.

अण्णाने समजूत घातली नाही. वय झालं म्हणाला नाही. फिरायला जा, पोथी वाच, मन रमव, यातलं काही म्हणाला नाही. उठून माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, “गुरुवारी मी डॉक्टरकडे जाणारच आहे. तूही चल.”

“बघू,” मी म्हटलं.

“बघू नाही. मी खाली रिक्षात बसलेला असेन. तू उतरली नाहीस तर वर येईन, आणि माझे गुडघे कसे आहेत तुला ठाऊक आहे.”

गुरुवार उद्या आहे. मी साडी काढून ठेवली आहे.